खेचरवाल्याचे पाच शेवट

ज्या सिनेमांवरून आम्ही दोघी बहिणी जन्मभर भांडलो, त्यांची खरी नावं आम्हाला कुणालाच धड सांगता येत नाहीत. परदेशी सिनेमांची मालिका, हिंदीत डब केलेली. नायक एक उंच, काटकुळा माणूस, सोबत एक खेचर, आणि दोघं मिळून जगाच्या पाठीवर हरवलेल्या वस्तू शोधत फिरणार. नायकाचं नाव सिनेमात शंभरदा घेतलं जायचं, पण आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर ते वळलं नाही. आमच्यासाठी तो खेचरवाला. सिनेमांनाही नावं आमचीच: वाळूचा, विहिरीचा, बर्फाचा, जहाजाचा. आणि आम्ही दोघी सासरी गेल्यावर, नायकाचे केस पार पिकल्यावर आला तो म्हातारपणाचा.

यांत एक नंबर वाळूचा. हे माझं मत गेल्या वर्षापर्यंत काळ्या दगडावरची रेघ होतं. धाकटीचं म्हणणं, विहिरीचा. चांदवडपासून आत आमचं गाव, सगळं कांद्याचं, त्यामुळे नंबर द्यायची आमची पद्धतही खळ्यातलीच. कांदे निवडताना मोठा, गोल, चकचकीत तो एक नंबर, त्याच्या खालचा दोन नंबर, बारका राहिला ती गोल्टी, आणि सडका ती खाद. बर्फाचा ही गोल्टी, यावर दोघींचं एकमत. जहाजाचा दोन नंबर, यावरही फार कुरकुर नाही. भांडण फक्त सगळ्यात वरच्या जागेचं, आणि तिथे प्रत्येकीनं आपलंच घोडं पुढे दामटायचं. धाकटीच्या लग्नात, तिच्या अंगाला हळद लागलेली असताना, ती मला हळूच म्हणाली होती, "ताई, आज तरी विहिरीचा म्हण ना." मी म्हटलं नाही. आहेच मी तशी.

या सगळ्या नंबरांत एक गोची होती. यातल्या एकाही सिनेमाचा शेवट आम्ही थिएटरात पाहिलेला नव्हता.

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, गावात शिलाईचं दुकान होतं. बटणं, अस्तर, चेन असलं सामान आणायला ते अधूनमधून नाशिकला यायचे. मेनरोडची खरेदी उरकली की दुपारच्या खेळाला आम्हा दोघींना घेऊन थिएटरात. पण आमच्या गावाला जाणारी एसटी एकच, मुक्कामी. म्हणजे संध्याकाळी नाशिकहून सुटणार, रात्री आमच्या गावात मुक्काम करणार आणि सकाळी परत येणार. ती चुकली तर पुढची गाडी हायवेला उतरवून निघून जायची, आणि तिथून अंधारात दोन लहान मुलींना घेऊन गावापर्यंत पायपीट. आईनं अण्णांकडून शपथच घेतली होती की मुक्कामी चुकवायची नाही. त्यामुळे खेचरवाला ऐन कड्याला लटकलेला असायचा आणि अण्णा आमच्या खांद्यावर थाप मारायचे, "चला." आम्ही दोघी रांगेतून उलट्या चालत बाहेर पडायचो, म्हणजे पडदा तेवढाच आणखी दिसायचा. धाकटी एकदा अशीच उलटी चालता चालता एका काकांच्या मांडीत जाऊन बसली होती.

बसमध्ये मुरमुऱ्यांच्या भत्त्याची पुडी सुटायची, आणि ओझर मागे पडलं की अण्णा शेवट सांगायला लागायचे. त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की मागच्या खेपेला एकटे आले होते तेव्हा त्यांनी सिनेमा पूर्ण पाहिलाय. वाळूच्यात खेचरवाल्याला सोन्याचा मुकुट सापडतो. अण्णांच्या शेवटात तो मुकुट पुन्हा वाळूत टाकून देतो आणि रिकाम्या हातानं शीळ घालत निघून जातो. विहिरीच्यात तो खोल विहिरीत अडकतो आणि दोर तुटतो; तेव्हा खेचर आपल्या गळ्यातला कासरा दातानं सोडवून खाली टाकतं आणि त्याला वर ओढतं. जहाजाच्यात जहाज बुडतं, पण माणूस एकही बुडत नाही, दुष्टसुद्धा होडीत बसून गाणी म्हणत किनाऱ्याला लागतात. बर्फाच्याचा शेवट मात्र अण्णांना जमला नव्हता. त्या दिवशी चेनचं पुडकं थिएटरातच विसरलं होतं आणि त्यांचं चित्त त्यात होतं. म्हणून ती गोल्टी. बर्फाच्यात खेचराच्या कपाळावरचा पांढरा ठिपका दिसत नव्हता, हे धाकटीनं बरोबर हेरलं होतं. अण्णा म्हणाले, "थंडीनं रंग जातो."

आम्ही यातल्या अक्षरन् अक्षरावर विश्वास ठेवला. इतका, की लग्नानंतर एका दुपारी केबलवर वाळूचा लागला आणि शेवटी खेचरवाल्यानं तो मुकुट वाजतगाजत सरकारी म्युझियमला देऊन छातीवर बिल्ला लावून घेतला, तेव्हा मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "केबलवाल्यानं शेवट कापून भलताच लावलाय." नवरा हसून हसून आडवा झाला. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," म्हणाला. मी लगेच गावाकडे फोन लावला. अण्णा शांतपणे म्हणाले, "टीव्हीवर कापत्यात." झालं. पुढची कित्येक वर्षं मी तेच धरून बसले.

खरं काय ते केव्हा कळलं, हे मला सांगता येणार नाही. कुणी सांगितलं नाही. एक दिवस कळलेलं होतं, एवढंच. धाकटीलाही कळलेलं होतं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही आणि अण्णांना तर विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे हे सगळे सिनेमे मोबाइलवर हवे तेव्हा बघता यायला लागले, तरी मी ते लावले नाहीत. आमचे शेवट आमच्याकडे होते आणि चांगले होते.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे नाशिकच्या सिडकोत राहायला आले, मशीनसकट. खिडकीपाशी बसून उशांचे अभ्रे शिवायचे, सोसायटीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायचे. मग हळूहळू बाजूला ठेवलेला चहा हाताच्या धक्क्यानं सांडायला लागला. दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागला. समोरचं सुईचं नेढं त्यांना दिसायचं, पण शेजारी उभी असलेली मी दिसायची नाही. आम्ही म्हणायचो, अण्णा हल्ली तंद्रीत असतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा काचबिंदू निघाला. एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्याची नजर कडेकडेनं मिटत आली होती, मधलं भोक तेवढं शिल्लक. थेंब घालायचे, दाब उतरला नाही तर ऑपरेशन करायचं, आणि आहे ते टिकवायला बघायचं. गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "ताई, त्या खेचरवाल्याचे शेवट बघायचेत मला."

"तुम्ही तर पाहिलेत ना?"

"मी? मी कवा पाहिले? मंग गाडी कोण पकडायचं?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. अण्णांना त्याचं काही नव्हतं. शिवायला टाकलेलं कापड कधी मिळेल असं विचारावं तशा सुरात ते मला विचारत होते, "दिसंल का तवर?" मी म्हटलं, दिसेल. पाचही दिसतील. त्या क्षणी मी ठरवून टाकलं. त्यांच्या डोळ्यांवर माझा काही इलाज चालणार नव्हता, पण हे पाच शेवट त्या भोकातून आत घालणं माझ्या हातात होतं, आणि ते मी करणार होते.

टीव्ही बघून काही बिघडतं का, हे आधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, काही बिघडत नाही, बघू दे खुशाल. मग दिंडोरीला धाकटीला फोन केला. तिथे तिची द्राक्षबाग आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम चिडली. "नको दाखवू त्यांना, ताई. आणि मला तर अजिबात सांगू नको. माझं खेचर विहिरीतून वर आलेलंय, ते तसंच राहू दे." मी म्हटलं, अण्णांनाच बघायचंय. त्यावर ती रडली आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं होतं, नुसते शेवट लावू, वेळ वाचेल. अण्णांना ते पटेना. "नुसती बाही बघून शर्ट कळतो का?" म्हणून दर रविवारी पहिल्यापासून सिनेमा. मी त्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडली, तर ते वैतागले. इतक्या जवळून त्यांना खेचरवाल्याचा फक्त हनुवटीचा भाग दिसत होता. त्यांनी खुर्ची मागे ओढली. आणखी मागे. जितकं लांब, तितकं चित्र लहान, आणि तितकं ते भोकात मावणार. वाळूचा त्यांनी समोरच्या भिंतीला टेकून पाहिला. बिल्ला लावून घेणारा खेचरवाला बघून नाक मुरडलं. "हे काय? सत्कार? ह्याला वाळूत कशाला पाठवला मंग?" माझ्या डोळ्यांदेखत माझा एक नंबर खाली घसरला आणि मला वाद घालायला तोंड उरलं नाही.

विहिरीचा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहिला. विहिरीत दोर तुटला तिथपर्यंत सगळं आठवणीतलं होतं. इथेच खांद्यावर थाप पडायची. पुढचं आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. खेचर विहिरीच्या काठाशी येतं, दगड सुटतो आणि खेचर खाली जातं. खेचरवाला वर येतो तो त्याच्या पाठीवर पाय देऊन. एकटाच. मी टीव्ही बंद केला तरी अण्णा तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "बर्फात दुसरं खेचर हुतं तर." आणि जरा वेळानं, "बरं झालं गाडी हुती. तुम्ही लय लहान हुता."

त्यांनी आपणहून धाकटीला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "हां, पाहिला विहिरीचा," ते म्हणाले. "आलं की वर. सांगितलं हुतं तसंच." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मीही पुढे कधी काही बोलले नाही.

बर्फाच्यापर्यंत खुर्ची ओट्याला टेकली होती आणि मागे जायला घर उरलं नव्हतं. जहाजाच्याच्या वेळी मी फ्लॅटचं दार उघडून त्यांना बाहेर जिन्यापाशी बसवलं आणि आतला टीव्ही ओढून दाराच्या नेमका समोर आणला. ये-जा करणारे लोक वाकून, अंग चोरून पलीकडे जायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना बाहेर काढलं का गं?" मी म्हटलं, जहाज बुडेपर्यंतच. काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. जहाज बुडालं, माणसंही बुडाली, पण फार सुंदर बुडाली, आणि अण्णांनी पहिल्यांदाच मान डोलावली. "हे मला जमलं नसतं," म्हणाले.

मग दाब वाढला. ऑपरेशन करावं लागलं. त्या आठवड्यांत मी अण्णांशी प्रेमानं वागले असं म्हणता येणार नाही. थेंबांच्या वेळा, हिरवी पट्टी, डोळ्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही, सगळं दरडावून. पाचवा राहिला होता. त्याचा शेवट अण्णांनी कधी सांगितलाच नव्हता, कारण तो आला तेव्हा बसमध्ये शेजारी बसायला आम्ही नव्हतो आणि ते एकटे गेले नाहीत. तो एक शेवट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, तपासलं आणि म्हणाल्या, भोक थोडं लहान झालंय. किती, ते त्यांनाही अण्णांच्या सांगण्यावरूनच ठरवायचं होतं, आणि अण्णा प्रत्येक प्रश्नाला "दिसतंय" म्हणत होते.

टीव्हीचा आता उपयोग नव्हता. मला मोबाइल सुचला. एवढंसं चित्र, हातभर लांब धरलं की अख्खं मावायला हवं. पडदे ओढले, फोनचा उजेड पूर्ण वाढवला, मांडून पाहिलं. कधी अण्णा म्हणायचे जवळ, कधी लांब. शेवटी जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला तेव्हा म्हणाले, "हां. बसला बरोबर."

म्हातारपणाचा आता आमच्याकडे एक नंबर आहे. त्यावर धाकटीचं आणि माझं एकमत आहे, आणि ते त्या दुपारी झालं.

धाकटी येणार नाही असंच मी धरून चालले होते. तिच्याकडे द्राक्षाची छाटणी सुरू होती, पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर बागेत होते. पण सिनेमा लावायच्या आधी दारात उभी. "शेवटचा हाय म्हणून आले," म्हणाली. एवढ्याशा फोनवर तिघांनी बघणं शक्य नव्हतं. आम्ही मागून डोकावायला लागलो तर आमच्या सावल्या पडायच्या आणि अण्णा चिडायचे. "समोर बसा दोघी. मी सांगतो." म्हणून आम्ही टेबलाच्या पलीकडे बसलो. आमच्याकडे फोनची पाठ, आणि अण्णांचं तोंड.

त्यांनी अगदी मन लावून सांगितलं. खेचरवाला लय म्हातारा झालाय, काठी घेतलीय, एका नदीच्या पलीकडे त्याची काहीतरी वस्तू राहिलीय आणि ती आणायला निघालाय. फोनमधून हिंदी संवाद बारीक ऐकू येत होते आणि अण्णांचं सांगणं त्यांना बरोबर जुळत होतं. मधे एकदा ते म्हणाले, "थांबव जरा," आणि डोळे मिटून बसले. मी विचारलं, दमलात का? "नाय. चालू कर." मी चालू केला. मग संवाद कमी झाले, नुसतं संगीत राहिलं, आणि अण्णा सांगत राहिले. नदीला पाणी आहे. पूल वाहून गेलाय. खेचरवाल्यानं बूट काढून गळ्यात अडकवलेत. पाण्यात पाय टाकलाय.

धाकटी पाणी आणायला उठली. तांब्या भरून परत येताना अण्णांच्या मागे थबकली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं, चित्र अडकलं असेल. तिनं मला हातानं बोलावलं. मी टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

फोनच्या काळ्या पडद्यावर बारीक पांढरी नावं वर सरकत होती. सिनेमा कधीच संपला होता. अण्णा त्या नावांकडेच बघत होते, मान ताठ, हात मांडीवर, आणि सांगत होते, "आता पाणी गुडघ्याला लागलंय. गार हाय. पण तो चाललाय."

किती वेळापासून त्यांना दिसत नव्हतं? डोळे मिटून बसले तेव्हापासून? की सुरुवातीपासूनच, नुसते संवाद ऐकून? विचारायला तोंड उघडलं तर धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. नावं संपली, संगीत संपलं, फोनचा उजेड मालवला. अण्णांचा खेचरवाला अजून नदीच्या मधोमध होता. खोलीत काहीच वाजत नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी मान आमच्या बाजूला जराशी वळवली.

धाकटीनं भरलेला तांब्या बाजूला ठेवला आणि ती त्यांच्या पायाशी खाली बसली.

"हळू जाऊ द्या त्याला, अण्णा," ती म्हणाली. "आम्हाला कुठं जायचं नाय."